पानात न बसलेली ओळ

वामननं मला शेवटचं जे विचारलं ते एका ओळीबद्दल होतं. दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली होती त्याला. दम्यानं छातीचा भाता झालेला, चार शब्द बोलला की थांबायचा. मी स्टुलावर बसून संत्रं सोलत होतो. तो म्हणाला, “नथ्थू, ती ओळ काय होती गा?” मी म्हटलं, “कोणती?” मला माहीत होतं कोणती. “तीच. तू खाल्ली ती. मायची.” मग बराच वेळ श्वास गोळा केला त्यानं. “रोज आठवून राहिलो, पण शब्द नाही येत. पदर होता त्याच्यात काहीतरी...” मी एक फोड त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, “अठरा वर्षं झाली त्याले. मले का पाठ आहे?” तो हसला. म्हणाला, “तुले नसन तर मग कोणालेच नाही. जाऊ दे.” मला ती ओळ पाठ होती. सुलटी पाठ होती आणि उलटीही. नुसती पाठ नव्हती, माझ्या घरात होती. मनात म्हटलं, उद्या आणून त्याच्या हातातच देतो, आज कशाला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी खिशात ती घेऊन गेलो तर खाटेवरची गादी गुंडाळलेली होती.

वामन बारापात्रे भयकथा लिहायचा हे आता फार जणांना आठवत नसेल. ज्यांना आठवतं त्यांना ‘रिकामा माग’ तेवढी आठवते. त्या कथेबद्दल एक गोष्ट छापून यायची राहिली आहे, म्हणून पेपरच्या पुरवणीसाठी हा लेख मी लिहितो आहे. मी चौथीत शाळा सोडली. पण तीस वर्षं इतवारीतल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि शुद्धलेखन मला त्या खिळ्यांनी शिकवलं. माझ्या हातून गेलेल्या पानात चूक दाखवा असं मी त्या वेळी मोठमोठ्या मास्तरांना म्हणायचो, आजही म्हणतो. खिळा उलटा असतो, ओळ आरशातल्यासारखी लावावी लागते, तेव्हा ती कागदावर सरळ उमटते. आम्हा लोकांना उलटं वाचायची इतकी सवय होते की सरळ वाचताना उगाच अडखळायला होतं.

वामनची माझी ओळख भांडणातून झाली. आमचे मालक एक मासिक काढत. त्याच्यासाठी तो पहिली कथा घेऊन आला, अंगावर लाकडाचा भुसा तसाच. लकडगंजच्या एका टालीवर, लाकडाच्या वखारीत, तो माल मोजून घ्यायच्या कामाला होता. राहायचा पाचपावलीकडे, घरचे विणकर. मी कागद हातात घेतला आणि म्हटलं, “भूत दीर्घ असतं. लहान उकारानं लिहिलं तर कोण भिईल त्याले?” तो म्हणाला, “तुम्ही कंपोझिटर का हेडमास्तर?” मी म्हटलं, “हेडमास्तर चुकला तर पोरगं नापास होते. मी चुकलो तर हजार लोक चुकतात.” तो गुरकावत गेला. आठ दिवसांनी दुसरी कथा घेऊन आला, तिच्यात भूत होतं तिथं तिथं उकार दीर्घ, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘नथ्थूभाऊ, आता भिऊन पाहा.’ मी भ्यालो. त्याला सांगितलं मात्र नाही.

त्यानंच मला टालीवर नेलं. रविवारी आरागिरणी बंद असायची. ओंडक्यांवर चार माणसं बसलेली असत. रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब सगळ्यांत वडील, त्यांची सगळी भुतं स्टेशनातली. एक कंपाउंडर होता आणि एक चित्रकलेचे मास्तर. चौथा वामन. चौघंही भयकथा लिहायचे आणि चौघांनाही शहरातले लिहिणारे लोक लिहिणाऱ्यांत मोजत नसत. एकदा गार्डसाहेबांनी वाचनासाठी वाचनालयाचा हॉल मागितला, तर तिथले चिटणीस म्हणाले, भुतांना खुर्च्या कशाला लागतात. गार्डसाहेब परत येऊन सांगताना स्वतःच हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. म्हणून मग टाल. आणि वाचन भर दुपारी, मे महिना असला तरी दुपारीच. गार्डसाहेबांचं म्हणणं असं, “रात्री तर कोणीही भेते. दुपारी दोन वाजता भेवाडून दाखवा, मग तुम्ही लेखक.”

त्यांची एक रीत होती. वाचणाऱ्यानं भिंतीला टेकून बसायचं आणि ऐकणाऱ्यांनी टालीच्या उघड्या वाटेकडे पाठ करून त्याच्यासमोर. कथा संपल्यावर टाळ्या नाहीत, वाहवा नाही. वाचता वाचता किती जणांनी मागे वळून पाहिलं एवढंच मोजायचं. त्याला ते ‘माना’ म्हणत. एका मानेची कथा, दोन मानांची कथा. “आज किती माना पडल्या?” असं रविवारी चहावाला विचारायचा. न वळण्यासाठी माणसं दात आवळून बसायची. कंपाउंडर तर दोन्ही हातांनी कानशिलं धरून बसायचा, म्हणजे मान आपोआप फिरू नये. मी लिहिणारा नव्हतो, पण पाचवी मान म्हणून त्यांनी मला घेतलं. ‘आपल्यात एक वाचक पाहिजे,’ असं वामन म्हणाला होता. मला आयुष्यात कोणी कशात घेतलं असेल तर ते तिथं. घरी बायको म्हणायची, भूतबंगल्यात चालले का? मी म्हणायचो, हो, मेंबर आहो.

‘रिकामा माग’ त्यानं टालीवर वाचलीच नाही. थेट छापखान्यात आणली, दिवाळी अंकासाठी. म्हणाला, “ही वाचता येत नाही मले मोठ्यानं.” कथा त्याच्या घरातली होती. वडील मागावर बसलेले असताना गेले, साडी अर्धवट राहिली. वामन तेव्हा मॅट्रिकला होता. घरात माग चालवायचं काम पुरुषाचं, बाई कांड्या भरायची. तेरवी झाली आणि त्यानंतर संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मागाच्या खोलीतून खटखट ऐकू यायला लागली. साडी रोज वीतभर वाढायची. लहान बहिणी तोंडावर पांघरूण घेत. वामनही घाबरला होता, पण सांगायचं कोणाला. मग एक दिवस त्यानं धीर करून दार लोटलं. आत त्याची माय होती. तिनं कोणाला कळू न देता नवऱ्याची साडी पुरी करायला घेतली होती. एवढीच कथा. सगळी कथा भीतीची आणि शेवटची एक ओळ मायची. त्या एका ओळीसाठी बाकी सगळी लिहिली, असं तो मला म्हणाला. मायला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, तुझ्यावर लिहिलं आहे, अंकात येईल.

आता माझं ऐका. अंकाचा शेवटचा भाग यंत्रावर चढायचा होता. वामन मायला घेऊन उमरेडला, बहिणीच्या सासरी बारशाला गेलेला. मी कथा लावली आणि पान भरलं तेव्हा एक ओळ बाहेर राहिली. एकच. पुढचं पान जाहिरातीचं, ते हलवता येत नव्हतं. मालक म्हणाले, “नथ्थू, बसव कसंही.” बसवता आली असती. ओळींच्या मधे शिशाच्या पातळ पट्ट्या असतात, त्यातल्या चार काढल्या असत्या की पान बसलं असतं, तासाभराचं काम. पण पान गच्च दिसलं असतं, आणि माझं पान गच्च कधी गेलं नव्हतं. मी लावलेला मजकूर वाचून पाहिला. ‘दार लोटलं. खोलीत दिवा नव्हता, आणि माग चालूच होता.’ इथं पान संपत होतं. मी मागे वळून पाहिलं, खरंच पाहिलं, भर दुपारी, यंत्राच्या धडधडीत. आणि मला वाटलं, चौथी नापास माणसाला वाटलं, की कथा इथंच संपते. पुढची ओळ मी काढून बाजूला ठेवली. जागा नव्हती म्हणून काढली हे मी मालकांना आणि वामनला सांगितलं. मला ती तशीच आवडली होती हे आज पहिल्यांदा सांगतो.

अंक निघाला आणि त्या कथेचं नाव झालं. गार्डसाहेबांनी टालीवर ती मोठ्यानं वाचली आणि पाचच्या पाच माना वळल्या, वाचणाऱ्याची धरून. असं कधी झालं नव्हतं. कंपाउंडरनं हात सोडून दिले आणि म्हणाला, “वामन्या, हा शेवट तुले कसा सुचला गा?” वामन नुकताच उमरेडहून आला होता, अंक त्यानं अजून उघडलाही नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या ओंडक्यावरची वर्तुळं मोजत होतो. नंतर पुण्याच्या एका मोठ्या भयकथाकारांचं कार्ड आलं, ते मालकांनी छापखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवट असा असावा, खुलासा नाही, रडारड नाही, नुसता माग चालू... असं काहीतरी होतं त्यात. माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू? मोठ्या माणसानं जी जागा वाखाणली ती माझी होती, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं. पुण्याला भयकथा लिहिणाऱ्यांचा मेळावा होता, त्याला वामनला बोलावणं आलं. चौघांनी मिळून त्याला कोट शिवून दिला. व्यासपीठावर त्याला विचारलं, शेवट कसा सुचला. तो खरं बोलला. म्हणाला, “तो शेवट माझा नाही. कोणी केला मला माहीत आहे, पण नाव नाही सांगत.” लोकांना वाटलं हीसुद्धा भयकथाच. टाळ्या थांबेनात. परत आल्यावर हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही.

पण पुण्याच्या आधी एक झालं होतं. त्याच रविवारी टालीवरून उठल्यावर त्यानं मायला ओसरीवर बसवून कथा वाचून दाखवली. मी होतो. त्यानंच नेलं होतं मला, म्हणे चल, तुझ्यासमोरच वाचतो. त्याच्या मायला, सीताबाईंना, वाचता येत नव्हतं. त्या डोक्यावरचा पदर नीट करून बसल्या, फोटो काढायला बसतात तशा. सगळी कथा ऐकली. नवऱ्याचा शेवटचा दिवस आला तिथं डोळे पुसले. वामननं शेवटची छापलेली ओळ वाचली आणि थांबला. त्या वाट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “झाली?” तो म्हणाला, “झाली, माय.” त्या म्हणाल्या, “मंग यात मी कुठं आहो रे?” वामनला ती ओळ तोंडानं सांगता आली असती. पण छापलेल्या कागदात नाही ती ओळ त्याच्या तोंडून निघेना. माय खोटी समजूत म्हणून ऐकेल असं वाटलं असेल. सीताबाईंनीच विषय सोडला. मला म्हणाल्या, “चहा घेता का गा, छापखानेवाले?”

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, “नथ्थू, पुढच्या अंकात दोन ओळी छाप. अनवधानानं शेवटची ओळ गळली, ती अशी अशी. बस. मायले दाखवतो.” मालक म्हणाले, कथा गाजून राहिली, आता कशाला पाणी ओतता. तरी मालक ऐकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “अनवधानानं माझ्या हातून काही गळत नाही. जागा नव्हती. माझ्या नावानं चूक छापून येणार असन तर मी काम सोडतो.” वामन म्हणाला, “जागा नव्हती तर जाहिरात काढाची होती, भाऊ. माझी माय काढली तू.” गेला. मी काम सोडलं नाही आणि चूकही छापून आली नाही.

तो बोलायचा बंद झाला असता तर बरं झालं असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टालीवर माझ्याशेजारीच येऊन बसला, तंबाखूची पुडी पुढे केली. ते प्रकरण त्यानं काढलं नाही. पण त्यानंतर तो लिहायचा तेव्हा त्याच्या प्रत्येक कथेत शेवटी कोणीतरी येऊन काहीतरी साधं बोलायचं, जेवलास का, दार लाव, असं. सगळी भीती तिथं निघून जायची. माना पडेनाशा झाल्या. कंपाउंडर म्हणायचा, “वामन, तुझ्या भुताईले आता संसार लागला.” मासिकांतून कथा परत यायला लागल्या. पुण्याच्या त्या गृहस्थांनी लिहिलं, ‘रिकामा माग’सारखं काही पाठवा. तसं त्यानं कधी लिहिलं नाही. पुढे सगळ्यांच्या कथांचं एकत्र पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा सीताबाई जाऊन वर्ष झालं होतं. वामननं हस्तलिखित शोधलं. छापखान्यातले कागद केव्हाच रद्दीत गेले होते. त्यानं मला विचारलं नाही. गार्डसाहेबांनी विचारलं, “नथ्थू, याची एक ओळ म्हणे तुझ्याकडं राहिली?” मी म्हटलं, “माझ्याकडं काहून राहील?” कथा अंकात होती तशीच पुस्तकात गेली.

राहिली होती. काम झालं की लावलेली ओळ मोडून एकेक खिळा आपापल्या खान्यात टाकायचा असतो. खिळे कमी, न मोडता ठेवणं म्हणजे दुसऱ्याचं काम अडवणं. तीस वर्षांच्या नोकरीत मी न मोडलेली ही एकच ओळ. दोऱ्यानं बांधून चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा कळलं नव्हतं. छापखाना बंद झाला, शिसं किलोवर गेलं, पण डबी मी घरी आणली.

वामनला पोचवायला गंगाबाई घाटावर आम्ही तिघंच उरलेलो होतो. गार्डसाहेब, कंपाउंडर आणि मी. चित्रकलेचे मास्तर दोन वर्षांपूर्वीच गेले. खिशात डबी होती. चितेत टाकावी असं मनात आलं, पण शिसं वितळतं, मग कोणालाच वाचता आली नसती. परत निघताना गुरुजींनी सांगितलं, आता कोणी मागे वळून पाहू नका. सगळे खाली मान घालून चालू लागले. गार्डसाहेब चार पावलं चालले आणि काठीवर थांबून पूर्ण वळले. मग कंपाउंडर वळला. मग मी. गुरुजी रागावले. गार्डसाहेबांनी काठीनं जमिनीवर हळूच तीनदा ठोकलं, पूर्वी माना मोजताना ठोकायचे तसं.

पुरवणीचं पान जो कोणी लावत असेल त्याला माझं एक सांगणं आहे. पान भरलं की शेवटची ओळ जाते हे मला माहीत आहे, म्हणून मी ती शेवटी ठेवलेली नाही. इथंच मधे देतो. ‘मागावर आई होती. म्हणाली, “भिऊ नको बाबू, पदर तेवढा राह्यला.”’ ही वामन बारापात्रे याच्या ‘रिकामा माग’ या कथेतली शेवटची ओळ. ती गळली नव्हती, मी गाळली होती. सीताबाई त्या कथेत होत्या. जागा कमी पडली तर बाबा, याच्या खालचं काय वाटेल ते काढ.

डबी आता भिंतीतल्या देवळीत ठेवली आहे. खिळ्यावर ओळ उलटी दिसते, सरळ पाहायची तर दाबावी लागते. संध्याकाळी मी ती मांडीवर घेऊन अंगठा दाबतो. सगळी ओळ अंगठ्यावर मावत नाही, दोनच शब्द उमटतात. ‘भिऊ नको’. थोडा वेळ कातडीत दिसतात, मग बुजतात. मग मी पुन्हा दाबतो.